राज्यव्यवहारकोशापासून महसूल विभागापर्यंत : मराठी प्रशासकीय शब्दांचा इतिहास

प्रस्तावना

राज्यकर्ते बदलले की कारभाराची भाषा बदलते, असा सर्वसाधारण समज आहे. महाराष्ट्राच्या इतिहासात मात्र हे विधान अंशतःच खरे ठरते. 'पेशवा' या शब्दाला राजाज्ञेने पर्याय देण्यात आला, तरीही तो टिकला. 'महसूल' हा अरबी शब्द आजही शासनाच्या एका प्रमुख विभागाचे नाव आहे. कोणते शब्द जातात, कोणते राहतात आणि का, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सुलतानशाहीतील भाषिक देवाणघेवाण

बहमनी राज्य व त्यानंतरच्या निजामशाही-आदिलशाही काळात दरबाराची भाषा फार्शी होती. गावपातळीवरील हिशेब मात्र मराठीतच लिहिले जात. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील ही एतद्देशीय पदे या राजवटींनी रद्द केली नाहीत, कारण वसुली त्यांच्यावाचून शक्य नव्हती. वरच्या स्तरावर फार्शी व खालच्या स्तरावर मराठी अशी ही रचना असल्याने दोहोंच्या संयोगातून नवी पदनामे घडली. 'नवीस' म्हणजे लिहिणारा. या फार्शी प्रत्ययाचे मराठी रूप 'नीस' झाले व त्यातून चिटणीस, वाकनीस, पोतनीस, जमेनीस हे शब्द सिद्ध झाले. यांतील 'चिट' एतद्देशीय, तर 'वाका' व 'जमा' मूळचे अरबी आहेत. म्हणजेच हे शब्द केवळ लादलेले नव्हते. ते येथील कारकुनांच्या लेखणीतून तयार झाले होते.

राज्यव्यवहारकोशाचा प्रयत्न

6 जून 1674 रोजी रायगडावर छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या सुमारास महाराजांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश सिद्ध करण्यात आला. परंपरेने त्याचे कर्तृत्व रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडे दिले जाते. दहा वर्गांत विभागलेल्या या पद्यबद्ध कोशात दरबारी यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिलेले आहेत. पेशव्यास मुख्य प्रधान, मुजुमदारास अमात्य, सुरनिसास सचिव, वाकनिसास मंत्री, डबिरास सुमंत आणि सरनौबतास सेनापती ही नावे मिळाली. या बदलाचा अर्थ केवळ भाषिक नव्हता. अभिषिक्त राजाचे अधिकारी दुसऱ्या दरबाराच्या पदव्या धारण करीत नाहीत, हे त्यातून जाहीर झाले. नवे पदनाम ही सार्वभौमत्वाची घोषणा होती.

परिणामांचे स्वरूप

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी निवडक पत्रांतील शब्दांची गणना केली. त्यांच्या गणनेनुसार मराठी शब्दांचे प्रमाण 1628 च्या पत्रात 14.4 टक्के, 1677 मध्ये 62.7 टक्के व 1728 मध्ये 93.7 टक्के आढळते. ही गणना मोजक्या पत्रांवर आधारित असून पत्राचा विषय व लेखक यांनुसार हे प्रमाण बदलू शकते. तथापि बदलाची दिशा त्यातून स्पष्ट होते.

तरीही या बदलास मर्यादा होत्या. 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथ यांना प्रधानपद मिळाले. शिक्क्यावर संस्कृत 'प्रधान' राहिले. लोकांच्या तोंडी आणि पुढे इतिहासाच्या नावातही 'पेशवा' हाच शब्द रूढ झाला. जमिनीच्या व्यवहारातील शब्द तर अधिकच चिवट ठरले. 'मिरास' म्हणजे वारसा. मिरासदारास जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असे, उपऱ्यास तो नसे. हा हक्क महजर, सनदा व वतनपत्रे यांतील शब्दांवर उभा होता. कागदातील शब्द बदलणे म्हणजे हक्काविषयी संशय निर्माण करणे होय. म्हणून राजसभेतील पदवी बदलता आली, परंतु रयतेच्या कागदातील शब्द बदलणे तितके सोपे नव्हते.

आधुनिक काळातील पुनरावृत्ती

विसाव्या शतकात स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीने हा प्रश्न पुन्हा उपस्थित केला. 'दिनांक', 'महापौर' असे शब्द त्यातून स्थिरावले. फार्शीचे अभ्यासक माधव ज्यूलियन यांनीही 'भाषाशुद्धि-विवेक' (1938) या ग्रंथातून या प्रश्नाची चर्चा केली. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले व पदनामांचे कोश तयार झाले. 'कलेक्टर' जिल्हाधिकारी झाला. परंतु 'मामलेदार' या नावाची जागा घेणारा 'तहसीलदार' हा शब्दही अरबी-फार्शी घडणीचाच आहे. 'जमाबंदी आयुक्त' या पदनामात तर अरबी, फार्शी व संस्कृत एकत्र नांदतात. अर्ज, दाखला, मुदत, वसुली, खरेदीखत हे शब्द परके असल्याची जाणीवही आज उरलेली नाही. पदे नाहीशी झाली तरी शब्द राहिले : 1950 च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने नष्ट झाली, आडनावे मात्र कायम आहेत.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, शब्दाचे आयुष्य त्याच्या कुळावर अवलंबून नसते, तर तो कोणत्या व्यवहाराशी व कोणत्या दफ्तराशी बांधला आहे यावर असते. नवा शब्द नव्या संस्थेबरोबर आला तर तो सहज रुजतो. जुन्या हक्काच्या जागी आला तर त्यास विरोध होतो. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. अशा वेळी भाषेची समृद्धी केवळ प्राचीन ग्रंथांत न शोधता मोडी दफ्तरांतही शोधणे आवश्यक आहे. मोडी लिपी वाचता आली, परंतु 'मिरास', 'महजर', 'वाकनीस' यांचा अर्थ कळला नाही, तर ती दफ्तरे विद्यार्थ्यांस बंदच राहतील. इतिहास व मराठी या दोन्ही विभागांनी या शब्दसंग्रहाचे अध्यापन एकत्रितपणे हाती घेणे म्हणूनच अगत्याचे वाटते.