पडद्यापलीकडची साक्ष

ऐतिहासिक कादंबरी आणि रहस्यकथा या मराठीतील दोन शेजारणी. पण एकमेकींच्या घरी त्यांचे जाणे-येणे फारसे नाही. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून, म्हणजे 1871 पासून, आपण इतिहासाकडे गडकोट आणि तलवारी यांच्या वाटेने गेलो. रहस्यकथेने आपला संसार वेगळा थाटला. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तके लिहिली, आणि मूलसारख्या तालुक्याच्या गावीही ती हातोहात फिरून पाने सुटेपर्यंत वाचली गेली. शाळकरी वयात आम्हीही ती चोरून वाचली. शिवरायांचे चरित्र मात्र उघड्यावर, मोठ्याने वाचायचे असे. त्यामुळे इतिहास हे पूजेचे आणि रहस्य हे लपवण्याचे वाचन, अशी विभागणी मनात कायम झाली.

ती विभागणी मोडणारी एक लेखिका अलीकडे आमच्या वाचनात आली. ती मराठी नाही. तिचा विषय मात्र आपल्या मुंबईचा आणि सह्याद्रीचा आहे. सुजाता मॅसी यांचा जन्म 1964 साली इंग्लंडातील ससेक्स येथे झाला. वडील भारतीय, आई जर्मन. बालपण बहुतांशी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात गेले. बाल्टिमोरच्या एका सायंदैनिकात त्यांनी वार्ताहराचे काम केले आणि पतीच्या नौदलातील नोकरीनिमित्त काही काळ जपानमध्ये वास्तव्य केले. तेथेच त्यांची पहिली नायिका जन्मली. रेई शिमुरा ही जपानी-अमेरिकन तरुणी जुन्या वस्तूंची जाणकार. तिच्यावरील पहिली कादंबरी 1997 साली आली व तिला पहिल्या कादंबरीसाठीचे अगाथा पारितोषिक मिळाले. पुढे ही मालिका दहा पुस्तकांच्या वर गेली. त्या काळाविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. एवढेच नोंदवू की जुन्या पेटीवरील लाखेचा थर पाहून तिचे वय सांगणारी नायिका निर्माण करणाऱ्या लेखणीचे पाऊल आज ना उद्या इतिहासाकडे वळणारच होते.

ते वळले 2013 साली, बंगालवरील ‘द स्लीपिंग डिक्शनरी’ या कादंबरीत. आणि स्थिरावले 2018 साली, ‘द विडोज ऑफ मलबार हिल’मध्ये. काळ 1921, स्थळ मुंबई. परवीन मिस्त्री ही ऑक्सफर्डला कायदा शिकलेली पारशी तरुणी वडिलांच्या वकिली कचेरीत काम करते. न्यायालयात उभे राहण्याची तिला मुभा नाही. एक मुसलमान गिरणीमालक मरण पावतो. त्याच्या तीन विधवा आपल्या हक्काची मालमत्ता वक्फला देऊन टाकण्याच्या कागदावर सह्या करतात. त्या सह्या खऱ्या काय, आणि समजून केलेल्या काय? स्त्रिया पडद्यात आहेत. परपुरुषाने, मग तो पोलीस अधिकारी असो वा बॅरिस्टर, त्यांना तोंड दाखवा म्हणायचे नाही. घरात खून पडतो तेव्हाही ही भिंत तशीच उभी राहते, आणि तिच्यातून आत जाऊ शकते ती केवळ परवीन.

लेखिकेचे खरे कौशल्य आम्हांला येथे दिसते. रहस्यकथेत बंद खोली ही जुनी युक्ती आहे. येथे खोली बंद आहे ती कडीकोयंड्याने नव्हे, समाजाच्या चालीने. इतिहास वगळला तर ही गोष्ट उभीच राहत नाही. परवीनच्या स्वतःच्या फसलेल्या विवाहाचेही तसेच. 1865 च्या पारशी विवाह कायद्याखाली घटस्फोट मिळणे इतके अवघड की तिच्या पदरी केवळ कायदेशीर विभक्तपणा पडतो. पतीपासून सुटका आहे, पुन्हा लग्न नाही. या कादंबरीला 2019 साली अगाथा आणि मेरी हिगिन्स क्लार्क अशी दोन पारितोषिके मिळाली.

आता या परवीनच्या मागे उभी असलेली खरी स्त्री पाहू. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म 15 नोव्हेंबर 1866 रोजी नाशिकला झाला. वडील पारशी धर्म सोडून ख्रिस्ती झालेले पाद्री. आईने पुण्यात शाळा चालविली. कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात पहिल्या आल्या. त्या क्रमांकास विलायतेची शिष्यवृत्ती मिळावयाची. ती ‘स्त्री’ म्हणून नाकारली गेली. अखेर इंग्लंडमधील हितचिंतकांनी वर्गणी करून त्यांना 1889 मध्ये ऑक्सफर्डला नेले. त्या वर्गणीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. 1892 साली त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. पदवी हाती पडली 1922 मध्ये, तीस वर्षांनंतर. मधल्या काळात, 1904 पासून, बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे त्या पडदानशीन विधवांच्या आणि अज्ञान वारसांच्या सल्लागार होत्या. पालखीने, बोटीने, हत्तीवरून त्या जमीनदारांच्या अंतःपुरात जात आणि भाऊबंदांनी गिळू घातलेल्या इस्टेटींची कागदपत्रे तपासत. मॅसींच्या दुसऱ्या कादंबरीत, ‘द सातापूर मूनस्टोन’ (2019) मध्ये, परवीन कोल्हापूर एजन्सीच्या वतीने सह्याद्रीतील एका कल्पित संस्थानात बालराजाच्या शिक्षणाचा वाद मिटवायला जाते. तो सारा प्रसंग कॉर्नेलियांच्या या नोकरीवरच बेतलेला वाटतो.

मॅसींनी परवीनमध्ये मुंबईच्या मिठन टाटा यांनाही मिसळले आहे. त्या 1923 साली बॅरिस्टर झाल्या, आणि त्याच वर्षी कायद्याने हिंदुस्थानातील स्त्रियांना वकिलीचे दार उघडले. परवीनचे पाऊल त्याआधी दोन वर्षे पडते. कादंबरीकाराला एवढी सवलत आम्ही देऊ.

दुसऱ्या एका सवलतीबद्दल मात्र आमचे मन कचरते. कॉर्नेलिया ब्रिटिश साम्राज्याच्या कट्टर अभिमानी होत्या. गांधीजींची चळवळ त्यांना मान्य नव्हती. आणि 1927 साली कॅथरिन मेयोच्या ‘मदर इंडिया’ने देशभर संताप उसळला तेव्हा त्यांनी मेयोची बाजू घेतली. स्वदेशात त्या एकाकी पडल्या, त्याचे हे एक मोठे कारण. परवीन मात्र गांधीजींविषयी आदर बाळगणारी, आजच्या वाचकाला चटकन आपली वाटणारी. मॅसींनी कॉर्नेलियांची किल्ली घेतली आणि काटे ठेवून दिले. ज्या स्त्रीने विधवांचे हक्क राखले तीच स्वराज्याला विरोध करते, हे कोडे कोणत्याही खुनाहून अवघड आहे. परवीनच्या सुटसुटीत स्वभावात ते विरून जाते.

‘द बॉम्बे प्रिन्स’ (2021) मध्ये लेखिका या कोड्याच्या सर्वांत जवळ येते. 17 नोव्हेंबर 1921 रोजी युवराज मुंबईत उतरले, आणि स्वागताला गेलेल्या पारशी, ख्रिस्ती व यहुदी लोकांवर जमाव तुटून पडला. त्यांनीही उलट हल्ले केले. पन्नासहून अधिक माणसे मेली आणि गांधीजींनी उपोषण केले. त्या दिवसांत एक पारशी विद्यार्थिनी मृत सापडते, आणि परवीनला आपल्याच समाजाच्या भीतीकडे पाहावे लागते. अल्पसंख्य समाजाचे मन दोन्हीकडून कसे चिमटीत सापडते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. ‘द मिस्ट्रेस ऑफ भाटिया हाउस’ (2023) मध्ये गर्भपाताचा आळ आलेल्या एका आयेची बाजू परवीन घेते. तेथे गरिबीचे चित्र अधिक खरे उतरले आहे, असे आमचे मत.

हे सारे वाचताना आम्हांला आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट छळत राहिली. चंद्रपुरात अचलेश्वराजवळ बीरशाह या गोंड राजाची समाधी आहे. लग्नाच्या प्रसंगी हिरामण नावाच्या रजपूत अंगरक्षकाने त्याला ठार केले, अशी परंपरा आहे. राणी हिराईने ती देखणी समाधी बांधली, दत्तक रामशाहच्या नावे कारभार पाहिला. आपण समाधीची उंची आणि नक्षी सांगतो. हिरामणचा हात कशाने उठला, त्या रात्री वाड्यात कोण होते, आणि हिराईला आत जाऊन कोणी काही विचारले काय?