ओतीव की घडीव: विजापूरच्या दोन तोफा

इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. माझी उमेद कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीत गेली. ओतीव तडकते, घडीव वाकते, हा तिथला पहिला धडा. बिडाच्या तव्यावर हातोडा मारा, तुकडे होतील. पहारीवर मारा, ती फार तर वाकेल. त्यामुळे घडीव तोफ ओतीव तोफेहून टिकाऊ असणार, असे मी गृहीत धरले आणि एका व्याख्यानात ठासून सांगितलेही. विजापूर पाहिल्यावर ते विधान मागे घ्यावे लागले.

तिथल्या उपली बुरुजावर ३० फुटांहून लांब 'लमछडी' पडून आहे. लोखंडाच्या लांब पट्ट्या पिंपाच्या फळ्यांसारख्या जुळवायच्या आणि त्यांवर लालभडक तापवलेली कडी चढवायची. कडे निवताना आवळते. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवतात तीच ही युक्ती. दख्खनेत लोखंड होते, लोहारही होते. काशासाठी लागणारे कथील मात्र समुद्रापलीकडून विकत आणावे लागे.

पण पट्ट्या आल्या की सांधे आले, आणि दारूचा दाब नेमका सांधा शोधतो. हे केवळ जुन्या काळापुरते नाही. २८ फेब्रुवारी १८४४ रोजी अमेरिकेच्या 'प्रिन्स्टन' युद्धनौकेवर 'पीसमेकर' ही घडीव लोखंडाची प्रचंड तोफ फुटली. परराष्ट्रमंत्री आणि नौदलमंत्री दोघेही जागीच गेले. तपासणीत दिसले, की आतले जोड नीट एकजीव झालेच नव्हते.

शेर्झा बुरुजावरची मुलुख मैदान याच्या अगदी उलट. १५४९ साली अहमदनगरला एका रूमी कारागिराने ती काशात ओतली. वजन सुमारे ५५ टन, आणि सांधा कुठेच नाही. माझी चूक इथेच होती. 'ओतीव' म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे बीड होते. बीड पूर्वसूचना न देता फुटते; कासे आधी फुगते, गोलंदाजाला सावध करते. त्यालाही खोड आहेच: लागोपाठ डागल्यास ते तापून मऊ पडते, बत्तीचे छिद्र मोठे होत जाते. पण माणसे मारणारी खोड ती नव्हे.

काशाच्या तोफेला खरा धोका भट्टीचा. लोखंडी तोफ गंजत पडून राहते, काशाला मात्र गिऱ्हाईक असते. १८५४ साली मुलुख मैदान लिलावात निघाली. सर्वांत वरची बोली आली १५० रुपये! ५५ टन धातू फोडून भट्टीपर्यंत नेण्याचा खर्च त्या गिऱ्हाइकाने बहुधा मनात धरला असावा. आमच्या धंद्यात भंगाराचा भाव असाच ठरतो. तिथल्या इंग्रज अधिकाऱ्याने सौदा रद्द केला आणि तोफ बुरुजावरच राहिली.