पेशंट सांभाळण्याचे काम : कोर्स कोणता, हद्द कुठपर्यंत, हक्क काय?

हिंजवडी आयटी पार्कला लागून असलेल्या मारुंजीत (ता. मुळशी, जि. पुणे) गेल्या काही वर्षांत शेताच्या जागी मोठमोठ्या सोसायट्या उभ्या राहिल्या. नवरा-बायको दोघेही कंपनीत आणि घरी अंथरुणाला खिळलेले आई-वडील, असे चित्र इथे आता नवीन नाही. वाकड, थेरगाव, पिंपरीकडे हॉस्पिटल्सही आहेत. त्यामुळे पेशंट सांभाळणाऱ्या माणसांची गरज वाढली असून आपल्या समाजातील मुली-मुलेही या कामाकडे वळत आहेत. मात्र फी भरण्याआधी काही गोष्टी नीट समजून घ्या.

हे काम म्हणजे काय?
हॉस्पिटलमध्ये ज्यांना आपण मावशी, मामा किंवा वॉर्डबॉय म्हणतो, त्यांच्याच कामाचे प्रशिक्षित रूप म्हणजे जनरल ड्यूटी असिस्टंट (जीडीए). घरी जाऊन हेच काम करणाऱ्यांना होम हेल्थ एड म्हणतात. पेशंटला स्पंज करणे, जेवण भरवणे, बेडपॅन देणे, डायपर आणि चादर बदलणे, व्हीलचेअरवर बसवणे ही रोजची कामे. हलता न येणाऱ्या पेशंटची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, कमरेला जखमा (बेडसोर) होतात.

नर्स आणि जीडीए एक नाही
फसवणूक इथेच होते. "सहा महिन्यांत नर्स व्हा" अशा जाहिरातींना भुलू नका. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा कोर्स आहे. नर्स म्हणून काम करायला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. काही महिन्यांच्या कोर्सवर ती मिळत नाही. जीडीएचे प्रशिक्षण हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलच्या अभ्यासक्रमानुसार होते. सर्टिफिकेट कोण देणार, परीक्षा कोण घेणार, हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष काम शिकवणार का, हे आधी विचारा आणि फीची पावती घ्या. मुलगी बारावी झाली असेल आणि घरची तयारी असेल, तर एएनएम-जीएनएमचा विचार जरूर करा.

हद्द ओळखा
इंजेक्शन देणे, सलाईन लावणे, औषधाचा डोस बदलणे हे जीडीएचे काम नाही. घरचे लोक म्हणतात, "एवढं इंजेक्शन देऊन टाका ना, सिस्टर." नम्रपणे नाही म्हणा. काही बरेवाईट झाले तर सगळे तुमच्या अंगावर येते.

स्वतःची काळजी
वापरलेल्या सुया छिद्र न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, रक्त लागलेले कापूस-ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, तर सलाईनच्या नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत टाकायचे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार असा कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटीस बी आणि धनुर्वाताची लस देणे, तसेच दरवर्षी प्रशिक्षण देणे ही हॉस्पिटलची जबाबदारी आहे. ते हक्काने मागा.

पगार आणि ईएसआय
दहा किंवा अधिक कामगार असलेल्या हॉस्पिटलमध्ये महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ईएसआय लागू होतो. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचे हॉस्पिटल आहे. थेट एखाद्या घरी काम धरले, तर हे संरक्षण मिळत नाही. म्हणून कामाचे तास, सुट्टी, जेवण, रात्री घरी परतण्याची सोय आणि एजन्सीचे कमिशन आधीच लिहून घ्या. १२ तासांची ड्यूटी ठरली असेल, तर घरातील धुणी-भांडी त्यात धरायची का, तेही बोलून घ्या.

नमाज, रोजा आणि पर्दा
नमाजच्या वेळेबद्दल कामाला लागतानाच बोला. पेशंटला एकटे सोडून जाऊ नका. दुसरे कोणी जवळ आले की मग उठा. पेशंटला हात लावताना कोपरापर्यंत हात उघडे ठेवून धुवावे लागतात, तेव्हा बाह्यांचा आणि स्कार्फचा नियम आधी विचारून घ्या. शक्यतो महिलांनी महिला पेशंट आणि पुरुषांनी पुरुष पेशंट घ्यावेत.

काही घरांत आजही "लोकांची घाण काढायची का?" असे म्हटले जाते. खंदकच्या लढाईत (५ हिजरी) जखमी झालेल्या ह. सअद बिन मुआज (रजि.) यांना मदीनेत उपचारासाठी ह. रुफैदा अस्लमिया (रजि.) यांच्या तंबूत ठेवले होते. पेशंटची खिदमत ही आपल्याकडे इज्जतीची गोष्ट आहे. फक्त ती शिकून करा, आणि आपला मोबदला पूर्ण घ्या.