लेखा व वित्त क्षेत्रातील नोकरी आणि अमेरिकेचा एच-१बी व्हिसा : वाणिज्य पदवीच्या संदर्भात एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी हे गाव जनावरांच्या आठवडे बाजारासाठी सर्वदूर परिचित आहे. ऊस, दूध आणि सहकारी संस्था यांवर उभ्या असलेल्या या परिसरात हिशेब जाणणाऱ्या माणसाला नेहमीच मान राहिला. त्यामुळे वाणिज्य शाखेकडे येणारा विद्यार्थीवर्गही येथे मोठा आहे. परदेशी नोकरीची चर्चा मात्र बहुधा संगणक अभियंत्यापाशीच थांबते. लेखापाल किंवा वित्त विश्लेषक म्हणून अमेरिकेत जाऊ पाहणाऱ्या बी.कॉम. पदवीधरापुढील अडचण वेगळ्या स्वरूपाची असून तिची मुळे दोन देशांच्या शैक्षणिक इतिहासात आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा मागोवा घेतला आहे.

कायद्याची घडण :

१९५२ च्या अमेरिकन स्थलांतर कायद्यात ‘एच-१’ हा वर्ग असामान्य गुणवत्तेच्या व्यक्तींसाठी होता. १९९० च्या कायद्याने ‘एच-१बी’ या वर्गाचा निकष व्यक्तीच्या कीर्तीवरून कामाच्या स्वरूपाकडे वळवला. ज्या कामासाठी विशिष्ट ज्ञानशाखेतील किमान पदवी लागते, ते ‘विशेष व्यवसाय’ ठरले. वार्षिक मर्यादा ६५,००० ठेवण्यात आली. २००४ च्या कायद्याने अमेरिकेतील पदव्युत्तर पदवीधरांसाठी आणखी २०,००० जागांची सवलत दिली.

नियमांतील उदाहरणांत लेखाकर्माचा स्पष्ट उल्लेख आहे. तथापि केवळ पदनामाने काम भागत नाही. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी कार्यालयाची व्यवसाय-पुस्तिका तपासणी अधिकारी प्रमाण मानतात आणि तीत लेखापाल व हिशेबनीस कारकून हे दोन स्वतंत्र व्यवसाय आहेत. पहिल्यास सामान्यतः पदवी लागते, दुसऱ्यास लागत नाही. परिणामी लहान कंपनीने लेखापालासाठी अर्ज केला की, हा मनुष्य प्रत्यक्षात नोंदीच लिहिणार नाही कशावरून, असा प्रश्न उपस्थित होतो. कीर्दखतावणी आणि लेखाकर्म यांतील भेद आपल्याकडील पतसंस्थांत सहसा कोणी करत नाही. तेथे मात्र सारा अर्ज त्यावर अवलंबून असतो.

वित्ताच्या नोकऱ्यांत पेच अधिक गुंतागुंतीचा आहे. वित्त, अर्थशास्त्र, गणित, व्यवसाय प्रशासन यांपैकी कोणतीही पदवी चालत असेल, तर काम ‘विशिष्ट’ कसे, असा आक्षेप घेतला जातो. २००७ मध्ये ‘रॉयल सियाम’ खटल्यात अपील न्यायालयाने व्यवसाय प्रशासनाची सर्वसाधारण पदवी पुरेशी नसल्याचे मत मान्य केले. याउलट २०१२ मध्ये ओहायोतील संघीय न्यायालयाने ‘रेसिडेन्शियल फायनान्स’ या गृहकर्ज कंपनीच्या खटल्यात पदवीच्या नावापेक्षा ज्ञानाला महत्त्व दिले. हाच दृष्टिकोन अधिक न्याय्य वाटतो. जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या नियमाने पदवी व काम यांत तर्कसंगत संबंध असणे पुरेसे मानले आहे. विशेषीकरण नसलेली सर्वसाधारण पदवी मात्र अपुरीच राहिली.

पंधरा वर्षांचे गणित :

मुंबईत १९१३ मध्ये सिडनहॅम महाविद्यालय व पुण्यात १९४३ मध्ये बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय स्थापन झाले. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि त्याच वर्षी सनदी लेखापालांचा कायदाही झाला. पुढे १०+२+३ हा आकृतिबंध आला. जुनी अकरावीची मॅट्रिक आणि त्यानंतरची चार वर्षे धरली तरी बेरीज पंधराच होते! अमेरिकन पदवी मात्र सोळाव्या वर्षी मिळते. १९७७ मधील एका स्थलांतर-निर्णयात भारतातील तीन वर्षांची विज्ञान पदवी अमेरिकन पदवीशी समकक्ष मानण्यास नकार मिळाला. त्याची छाया वाणिज्य पदवीवरही पडली.

ही तूट अनुभवाने भरून काढता येते. कमी पडणाऱ्या प्रत्येक शैक्षणिक वर्षामागे तीन वर्षांचा अनुभव ग्राह्य धरला जातो. परंतु तो विशेष ज्ञानाच्या उपयोजनाचा आणि त्याच क्षेत्रातील पदवीधर सहकाऱ्यांसमवेतचा असावा लागतो. शिवाय उमेदवाराच्या तज्ज्ञतेला मान्यता मिळाल्याचा पुरावाही हवा. गावच्या सोसायटीत सचिवाच्या हाताखाली काढलेली वर्षे या कसोटीला उतरणे कठीण. म्हणूनच एम.कॉम. किंवा अमेरिकेतील पदव्युत्तर शिक्षण हा मार्ग अनेकांना सोयीचा वाटतो. जानेवारी २०२२ मध्ये ‘वित्तीय विश्लेषण’ हा विषय तेथील विज्ञान-तंत्रज्ञान यादीत समाविष्ट झाल्याने, त्या विषयाच्या पदवीधरांना शिक्षणानंतरच्या प्रशिक्षण-नोकरीत २४ महिन्यांची वाढही मिळू लागली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून चार वर्षांच्या ऑनर्स पदवीचा पर्याय आला. त्या वर्षी प्रवेश घेतलेला विद्यार्थी चौथे वर्ष २०२७-२८ मध्ये पूर्ण करील आणि त्याची बेरीज सोळा होईल. तिसऱ्या वर्षी बाहेर पडण्याची मुभा असल्याने शेतकरी कुटुंबातील किती मुले-मुली एका जादा वर्षाचा खर्च सोसतील, हा प्रश्न वेगळा. दरम्यान २१ सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेबाहेरील उमेदवारांसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लागू करण्यात आले. आरंभीच्या वेतनावर लेखापाल नेमू पाहणाऱ्या मालकाच्या दृष्टीने ही रक्कम त्या लेखापालाच्या वर्षभराच्या पगाराहूनही अधिक ठरते.