उशिराचा तास कोणाचा?

(घोडबंदर येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचा विषय ऐकून दोघा-तिघांनी मला आधीच विचारलं, "सर, पाळणाघराच्या वेळा हा काय व्याख्यानाचा विषय झाला? घोडबंदरला बोलताय, तर किल्ल्यावर बोला." बोललो असतो. १७३७च्या मोहिमेत मराठ्यांनी हा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला, ती हकिगत रंगवून सांगता येते. पण किल्ल्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. संध्याकाळी साडेसात वाजता, पायात चप्पल घालून, पाठीला दप्तर लावून दुसऱ्याच्या दारात बसलेल्या चार वर्षांच्या मुलाचा इतिहास मात्र कोणी सांगत नाही. तो आज थोडा सांगून बघू.

निमित्त घरगुती आहे. आमच्या इमारतीत एक बाई दोन खोल्यांच्या घरात पाळणाघर चालवतात. मुलं त्यांना मावशी म्हणतात, म्हणून मीही मावशीच म्हणेन. सात मुलं. दारावर पाटी : सकाळी ८ ते सायंकाळी ७. दिवाळीनंतर पाटीखाली दुसरा कागद लागला : "सातनंतर दर पंधरा मिनिटांना ५० रुपये दंड." झालं! आयांमध्ये कुजबुज सुरू झाली, मग आवाज चढले, आणि शेवटी मला मध्यस्थीला बोलावलं. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणजे कुठल्याही भांडणात दोन्ही बाजू पटणारा. (हशा)

आणि खरंच दोन्ही पटल्या. एक मुलगी म्हणाली, "काका, ऑफिस ठाण्यात. सहाला सुटते. गायमुखच्या घाटात एक ट्रक बंद पडला, की मी काय उडत येऊ?" मावशी म्हणाल्या, "माझा मुलगा दहावीला आहे. सासूबाईंची औषधं आहेत. यांचं मूल आठपर्यंत माझ्याकडे, मग माझं घर कधी सुरू होणार?"

मी घरी आलो आणि मला प्रश्न पडला, की हे 'सात' आले कुठून? ते कोणी ठरवलं?

फार मागे जायचं, तर या गावाचं घड्याळ भरती-ओहोटीचं. खाडीवरचं बंदर ते. होडी भरतीला आत येणार, ओहोटीला बाहेर पडणार. शेतावर आणि भाईंदरच्या मिठागरांवर काम सूर्याचं. बाई कामाला जायची तेव्हा तान्हं मूल झोळीत, कामाच्या जागीच. जरा मोठं असलं, तर आजीकडे किंवा थोरल्या बहिणीच्या कडेवर. तो काही सुखाचा काळ नव्हता, त्या थोरल्या बहिणीला विचारा! पण मूल 'आणायला जायची वेळ' अशी वेगळी वेळ तेव्हा नव्हती, कारण मूल आणि काम यांच्यामध्ये रस्ता नव्हता.

ती वेळ आणली गिरणीच्या भोंग्यानं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कापड गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती, बहुतेक वाइंडिंग आणि रिळिंग खात्यात. आपल्या ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली. १८९०च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला जी मोठी सभा झाली, तिच्यात दोन कामगार बायकांनी भाषणं केली. त्याच वर्षी जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळाली. आपण रविवारी निवांत चहा पितो ना, त्याच्यामागे हे आहे. पुढच्याच वर्षी, १८९१च्या कायद्यानं बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली. अकरा तास ही 'सवलत' होती, हे लक्षात घ्या.

मग या अकरा तासांत मूल कुठे? उत्तर ऐकायला जड आहे. पुष्कळ बायका जाताना तान्ह्याला बाळागोळी द्यायच्या. तिच्यात अफू असायची. मूल झोपून राही. हे गुपित नव्हतं. सरकारी चौकशांमध्ये नोंदलेलं आहे. त्या आयांना दोष देऊ नका. एकीकडे भोंगा, दुसरीकडे रिकामी खोली. त्यांनी मुलालाच त्या पाळीत बसवलं. आपण आज ज्याला 'वेळेचं नियोजन' म्हणतो, त्याचा सगळ्यात भयंकर नमुना म्हणजे ही गोळी.

कायदा हळूहळू जागा झाला. १९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला, देशातला पहिला. त्यासाठी विधिमंडळात बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. १९३४च्या कारखाना कायद्यात, पन्नासहून जास्त बायका असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवायला लावण्याची सोय आली. १९४८च्या कारखाना कायद्यात ती सक्तीची झाली, कलम ४८. १९७६ साली पन्नासाचा आकडा तीसवर आला. पण तोवर गिरण्यांतल्या बायकाच कमी झाल्या होत्या. गिरण्या दोन-तीन पाळ्यांत चालू लागल्या, रात्रपाळीला बायकांना मनाई, त्यामुळे मालकाला पुरुष सोयीचा. पाळणाघराची खोली कायद्यात आली, आणि तिथे मूल ठेवणारी आई दारातून बाहेर गेली.

आता या १९४८च्या कायद्याशी जरा थांबू. त्यात तीन कलमं होती. ४८व्यात पाळणाघर. ५९व्यात जादा कामाचा मोबदला : दिवसाला नऊ किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या वर काम झालं, तर दुप्पट दरानं पगार. आणि ६६व्यात असं, की बाईनं सकाळी सहा ते संध्याकाळी सात याच वेळात काम करावं. बघा, सात! मावशींनी हा कायदा वाचून पाटी लिहिली असं मी म्हणत नाही. पण बाईचा बाहेरचा दिवस सातला संपतो, ही समजूत जुनी आहे आणि ती कायद्यातही होती.

या तीन कलमांनी एक गोष्ट गृहीत धरली होती. ती म्हणजे रस्ता नाही! परळ-लालबागच्या गिरणगावात चाळीतून निघालं, की दहा-पंधरा मिनिटांत गेट. पाळी सुटली की मूल उचललं, की घर. तिथे कामाच्या जागेलगतचं पाळणाघर शहाणपणाचं होतं. पुढे २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर, आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा. चांगलंच आहे. पण घोडबंदरच्या आईला विचारा : अंधेरीच्या ऑफिसातलं पाळणाघर तिला हवंय का? सकाळच्या लोकलमध्ये ती स्वतः कशीबशी चढते. तीन वर्षांचं मूल घेऊन? नको, ती म्हणते. तिला पाळणाघर घराजवळ हवं. घराजवळ म्हणजे मावशीकडे. आणि मावशी कुठल्याच कलमात नाहीत.

इथे आपल्या शहराचा इतिहास येतो. १२ जून १९८५ला घोडबंदर, मिरे, काशी, नवघर, भाईंदर या ग्रामपंचायती मिळून नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. २००१च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आसपास माणसं होती, २०११ला आठ लाखांवर. ही माणसं राहायला इथे आली, कामाला इथे नाही. चर्चगेट-बोरिवली ही महिला विशेष लोकल १९९२च्या मे महिन्यात सुरू झाली, पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत नेली. रेल्वेनं ओळखलं, की या मार्गावर कामाला जाणाऱ्या बायका इतक्या आहेत, की त्यांना अख्खी गाडी लागते. त्या गाडीतून उतरलेली बाई धावत कुठे जाते, हे मात्र कोणी मोजलं नाही.

बाईनं घरात बसून दुसऱ्यांच्या पाळ्या सांभाळण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. गिरणगावातली खाणावळ आठवा. पहिल्या पाळीचा डबा वेगळा, रात्रपाळीवाल्याचं ताट वेगळं, बाईचा दिवस कधी संपायचाच नाही. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा त्यातलं मोठं काम म्हणजे या खाणावळवाल्या बायकांना कर्ज मिळवून देणं, आणि त्या करतात तो व्यवसाय आहे हे मान्य करायला लावणं. 'माया म्हणून दोन पोळ्या जास्त' आणि 'धंदा म्हणून हिशेब' यांच्यामधली ती कुचंबणा आजच्या मावशींचीही आहे. सातनंतर त्या मुलाला वरणभात भरवतात. पैसे मागितले तर 'कसली हो माया', आणि नाही मागितले तर रोजचंच.

आता दंडाकडे येतो. इस्राएलमध्ये हैफा शहरात दोन अर्थतज्ज्ञांनी, ग्नीझी आणि रुस्तिचिनी यांनी, दहा पाळणाघरांवर एक प्रयोग केला. २००० साली तो प्रसिद्ध झाला. त्यातल्या सहा ठिकाणी उशिरा येणाऱ्या पालकांना छोटासा दंड लावला. उशीर कमी व्हायला हवा होता ना? तो वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. दंड काढून टाकला, तरी खाली आला नाही. आधी पालकांना शिक्षिकेसमोर ओशाळं वाटायचं. दंड आल्यावर त्यांना वाटलं, आपण तास विकत घेतला.

हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा आया म्हणाल्या, "मग दंड काढाच." मी म्हटलं, थांबा, यातून तसं निघत नाही. दंड चुकीचा होता, कारण दंड चुकीसाठी असतो. घाटात ट्रक बंद पडला, ही त्या मुलीची चूक आहे का? नाही. मग दंड कशाचा? पण चूक नव्हती म्हणून मावशींचा तास फुकट होतो का? तोही होत नाही. तो कामाचा तास आहे. आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. दंड आणि मोबदला या एकाच रकमेच्या दोन पावत्या असू शकतात, पण एकीत घेणारी बाई फौजदार होते आणि दुसरीत कामकरी.

मग आम्ही हिशेब मांडला. महिन्याची फी मुलामागे पाच हजार. दिवसाला अकरा तास, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे २८६ तास. भागिले तर एका मुलाचे तासाला साडेसतरा रुपये. सात मुलांचे मिळून मावशींचा तास साधारण १२२ रुपयांचा, आणि त्यातून खाऊ, वीज, मदतनीस वजा व्हायचेच. कारखान्याच्या कामगाराला जादा तासाला जो दुप्पट दर मिळतो, तो लावला तर २४५ रुपये. मावशींचा 'जुलमी' दंड तासाला दोनशे होता. बैठकीत जरा वेळ कोणी बोललं नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. त्या खोलीत पाच आया होत्या, मावशी होत्या, आणि एक मी म्हातारा. एकही बाप नव्हता. उशीर आईचा, ओशाळं आईनं व्हायचं, थांबायचं मावशींनी. मी विचारलं, यातल्या कोणाचे यजमान सातच्या आधी घरी येतात? दोन हात वर झाले. त्यांना कधी कोणी विचारलंच नव्हतं!

ठरलं ते असं. कागदावरचा 'दंड' शब्द गेला, 'जादा तास' आला. दर दुप्पट, दोन मुलं थांबली तर निम्मा-निम्मा. साडेसहापर्यंत फोन करायचा. आठच्या पुढे नाही. मंगळवार आणि शुक्रवार जादा तास अजिबात नाही, कारण जो तास विकता येतो तो न विकण्याचा हक्कही मावशींना हवा, नाहीतर हैफासारखं होईल. त्या दोन दिवशी पालकांनी आपसात लेखी संमती देऊन एकमेकांची मुलं आणायची. ते दोन बाप आता येतात.

हे काही आमचं शहाणपण नाही. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीला आणि १९५७पासून कोसबाडला हेच करून दाखवलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, कारण मुली धाकट्यांना सांभाळायच्या आणि मुलगे गुरं राखायचे. मग शाळेला जोडून पाळणाघर काढलं, म्हणजे थोरली बहीण मोकळी. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा नेली. लोकांचा दिवस जसा आहे तशी त्यांनी शाळेची वेळ बसवली. पण त्यात एक माणूस राबून जाईल अशी रचना केली नाही. संस्थेनं तो भार घेतला.

आमच्या इमारतीत तो भार अजून पालक आणि मावशी यांनीच वाटून घेतलाय. हे अपुरं आहे, हे मी कबूल करतो. सहाला सुटणारी बैठक पावणेसातपर्यंत लांबवणाऱ्या साहेबाच्या खिशातून त्या २४५ रुपयांतला एक रुपया येत नाही. ज्या रस्त्यावर ती मुलगी अडकते, त्याच्या हिशेबातही तो नाही. १८९०च्या त्या सभेत दोन बायका उभ्या राहून बोलल्या, तेव्हा त्यांनी मालकाकडे वेळ मागितली होती, शेजारणीकडे नाही. आपण मात्र शेजारणीशीच भांडत बसलो आहोत. पुढची बैठक कोणाबरोबर घ्यायची, ते तुम्ही ठरवा. मी मध्यस्थीला येईन.

आठ वाजत आलेत. ज्यांची मुलं कोणाकडे थांबली असतील त्यांनी आधी उठा, प्रश्न मग घेऊ.