आंतरराष्ट्रीय ज्योतिर्विज्ञान संघाची चिटणिशी : १९१९ ते १९५८

१

विज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांचा आणि शोधकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. वैज्ञानिक संस्थांचा विचार झालाच, तर त्यांच्या अध्यक्षांची नामावळी आणि अधिवेशनांतील ठराव एवढ्यावरच तो थांबतो. चिटणिसाच्या दप्तराकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. परंतु जिचे सभासद अनेक राष्ट्रांत विखुरलेले आहेत, जिची सर्वसाधारण सभा सामान्यतः तीन वर्षांनी एकदा भरते, आणि जिच्यापाशी स्वतःची वेधशाळा नाही, अशा संस्थेचे अस्तित्व दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात त्या दप्तरातच असते. ते बंद पडले की संस्था केवळ नावापुरती उरते.

आंतरराष्ट्रीय ज्योतिर्विज्ञान संघाच्या पहिल्या चाळीस वर्षांच्या कारभाराचा येथे या दृष्टीने विचार केला आहे. या काळात संघावर दोन महायुद्धांची आणि त्यानंतरच्या शीतयुद्धाची छाया पडली. प्रत्येक वेळी राजकीय संकट संघाच्या दारात आले ते कारभारातील प्रश्नाचे रूप घेऊन : सभासद कोणाला करावे, तारा कोणी पाठवाव्यात, अधिवेशन कोठे भरवावे. या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच संघाच्या आंतरराष्ट्रीयत्वाची पारख करणे उचित ठरेल.

२

ज्योतिःशास्त्रातील आंतरराष्ट्रीय सहकार्य या संघापासून सुरू झाले असे नव्हे. १८६३ साली हायडेलबर्ग येथे स्थापन झालेल्या जर्मन ज्योतिर्विज्ञान संस्थेचे सभासद अनेक देशांतील होते. आकाशाचे छायाचित्रीय मानचित्र तयार करण्याचा प्रचंड उपक्रम १८८७ मध्ये पॅरिस येथे ठरला. १९०४ मध्ये जॉर्ज एलरी हेल यांच्या पुढाकाराने सूर्यसंशोधनासाठी एक आंतरराष्ट्रीय संघटना निघाली व तिची १९१३ ची सभा जर्मनीत बॉन येथे भरली. पुढच्याच वर्षी युद्ध पेटले आणि ही सर्व घडी विस्कटली.

युद्ध संपल्यावर जी नवी रचना झाली तिच्यावर जेत्यांची मुद्रा होती. जुलै १९१९ मध्ये ब्रसेल्स येथे आंतरराष्ट्रीय संशोधन परिषदेची स्थापना झाली आणि तिच्या छत्राखाली ज्योतिर्विज्ञान संघ जन्माला आला. बेल्जियम, कॅनडा, फ्रान्स, ग्रेट ब्रिटन, ग्रीस, जपान आणि अमेरिकेची संयुक्त संस्थाने हे त्याचे आरंभीचे सभासद होत. जर्मनी व तिच्या मित्रराष्ट्रांना परिषदेच्या घटनेनेच दार बंद होते. ज्यांचे राष्ट्र युद्धात तटस्थ राहिले होते त्या हॉलंडच्या काप्टाइन यांनी या बहिष्काराचा उघड निषेध केला. पण घटना बदलली नाही.

पहिले अध्यक्ष फ्रान्सचे बायो होते, तर सरचिटणीसपद लंडनचे आल्फ्रेड फाउलर यांच्याकडे आले. फाउलर यांच्यानंतर १९२५ ते १९३५ पर्यंत केंब्रिजचे स्ट्रॅटन आणि १९३५ ते १९४८ पर्यंत लायडनचे यान ओर्ट यांनी ते सांभाळले. हे तिघेही स्वतः संशोधन करणारे ज्योतिर्विद होते. चिटणिशी हा त्यांच्या मूळ कामावर पडलेला जादा भार होता. सभासदराष्ट्रांच्या समित्यांशी पत्रव्यवहार ठेवणे, लोकसंख्येच्या प्रमाणात आकारलेली वर्गणी गोळा करणे, विषयवार नेमलेल्या आयोगांकडून अधिवेशनापूर्वी अहवाल मागवून छापणे आणि अधिवेशनानंतर कार्यवृत्ताचा खंड सिद्ध करणे, असा हा व्याप होता. आरंभी अशा आयोगांची संख्या ३२ होती. संघाचे कार्यालय स्थिर नव्हते. सरचिटणीस ज्या गावी, त्या गावी दप्तर जात असे.

३

बहिष्काराचे धोरण आणि शास्त्राची गरज यांतील विसंगती प्रथम दिसून आली ती तारांच्या बाबतीत. नवा धूमकेतू किंवा नवतारा दिसला, तर त्याचे स्थान जगातील वेधशाळांना तत्काळ कळले पाहिजे. काही दिवसांचा विलंबही वेध वाया घालवतो. यासाठी ठराविक संकेतात तारा पाठविण्याची पद्धत होती. आकडे पाच-पाच अंकांच्या गटांत मांडीत आणि तारेत चूक झाल्यास ती लक्षात यावी म्हणून पडताळ्याची बेरीज जोडीत. हे काम युद्धापूर्वी जर्मनीत कील येथून चाले. युद्धकाळात ते तटस्थ डेन्मार्कमध्ये कोपनहेगन येथे गेले. नव्या संघाने मात्र १९२० मध्ये ब्रसेल्सजवळ उक्ल येथे आपले स्वतंत्र केंद्र उघडले.

एकाच कामाची अशी दोन केंद्रे चालविणे व्यवहारात टिकणारे नव्हते. १९२२ मध्ये संघाने उक्लचे केंद्र बंद करून कोपनहेगनच्या केंद्रालाच आपले मानले. त्याचे प्रमुख एलिस स्ट्रमग्रेन हे त्याच काळात जर्मन ज्योतिर्विज्ञान संस्थेचेही अध्यक्ष होते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ज्या संस्थेशी संघाला अधिकृत संबंध ठेवता येत नव्हता, तिच्याच अध्यक्षाच्या हाती संघाच्या तारा आल्या. घटनेतील शब्द न बदलता कारभाराने घटनेला वळसा घातला.

१९२६ मध्ये परिषदेने बहिष्काराचे कलम काढून टाकले. तरी जर्मनी संघात आला नाही. एकदा दार बंद केल्यावर ते पुन्हा उघडले म्हणून अपमानित पाहुणा आत येतोच असे नाही. अशा वेळी १९२८ च्या लायडन अधिवेशनासाठी अध्यक्ष डी सिटर यांनी जर्मन ज्योतिर्विदांना पाहुणे म्हणून निमंत्रण दिले. राष्ट्र सभासद नसले तरी त्या राष्ट्रातील शास्त्रज्ञ सभेत बसू शकतो, हा पायंडा तेथे दृढ झाला.

४

ओर्ट यांच्या कारकिर्दीत याहून कठीण प्रसंग आला. १९३८ च्या स्टॉकहोम अधिवेशनानंतर पुढील सभा १९४१ मध्ये झ्युरिक येथे भरावयाची होती. मे १९४० मध्ये जर्मन सैन्याने हॉलंड व्यापला आणि सरचिटणीसच शत्रूच्या ताब्यातील प्रदेशात अडकला. तेव्हा संघाचा कारभार अमेरिकेतील उपाध्यक्ष वॉल्टर ॲडम्स यांच्याकडे सोपविण्यात आला. ॲडम्स हे माउंट विल्सन वेधशाळेचे संचालक होते. ओर्ट यांनी ज्यू प्राध्यापकांच्या बडतर्फीच्या निषेधार्थ आपली पदे सोडली आणि युद्धाचा उत्तरार्ध लायडनपासून दूर एका खेड्यात काढला. अध्यक्ष एडिंग्टन १९४४ मध्ये निवर्तले. त्यांची जागा हॅरल्ड स्पेन्सर जोन्स यांनी घेतली.

युद्धकाळात संघाने केलेले कार्य मोजके आहे. त्याचे महत्त्व सातत्य टिकविण्यात आहे. १९१४ मध्ये जुनी संघटना मोडली आणि १९१९ मध्ये दुसरी उभारावी लागली. १९४५ मध्ये मात्र सभासदसूची, आयोग आणि सरचिटणीस ही सर्व जागेवर होती. १९४६ मध्ये कार्यकारी मंडळ कोपनहेगन येथे एकत्र आले, आणि दहा वर्षांच्या खंडानंतर १९४८ मध्ये झ्युरिकचे अधिवेशन भरले. लघुग्रहांच्या गणिताचे जे काम पूर्वी बर्लिनमध्ये होत असे, त्याची व्यवस्था नव्याने लावण्यात आली : वेधांचे संकलन १९४७ पासून अमेरिकेत सिनसिनाटी येथे पॉल हर्गेट यांच्याकडे, आणि लघुग्रहांची वार्षिक स्थितिपत्रके लेनिनग्राडकडे. शीतयुद्धाच्या ऐन आरंभी एका कामाचे दोन भाग दोन प्रतिस्पर्धी राष्ट्रांत वाटले गेले, आणि ते चालले.

५

तथापि कारभाराच्या कौशल्याला मर्यादा आहेत, हे लेनिनग्राडच्या प्रकरणाने दाखविले. १९५१ चे अधिवेशन लेनिनग्राड येथे भरविण्याचे सोव्हिएत निमंत्रण झ्युरिक येथे स्वीकारले गेले होते. जून १९५० मध्ये कोरियात युद्ध सुरू झाले. बेर्टिल लिंडब्लाड यांच्या अध्यक्षतेखालील कार्यकारी मंडळाने अधिवेशन पुढे ढकलले, आणि ते १९५२ मध्ये रोम येथे भरले. हा निर्णय अमलात आणण्याचे अप्रिय काम नवे सरचिटणीस बेंग्ट स्ट्रमग्रेन यांच्या वाट्यास आले. कोपनहेगनच्या तारकेंद्राचे प्रमुख एलिस यांचे ते पुत्र. सोव्हिएत ज्योतिर्विदांनी तीव्र निषेध नोंदविला.

मंडळाची बाजू अशी की, अनेक देशांच्या सभासदांना जेथे जाता येणार नाही अशा ठिकाणची सभा नावाचीच आंतरराष्ट्रीय ठरली असती. विरोधी बाजूही तितकीच सबळ आहे : दिलेला शब्द मोडण्यास सर्वसाधारण सभेची संमती घेतलेली नव्हती, आणि राजकारणापासून अलिप्त राहण्यासाठी घेतलेला निर्णय स्वतःच राजकीय ठरला. दोहोंपैकी कोणतीही बाजू पूर्णतः खोडून काढता येत नाही. संघाच्या हिताची गोष्ट ही की निषेध करणारे बाहेर पडले नाहीत. सोव्हिएत उपाध्यक्ष अंबार्त्सुमियान आपल्या पदावर राहिले, १९५८ चे अधिवेशन मॉस्को येथे भरले, आणि १९६१ मध्ये तेच अंबार्त्सुमियान संघाचे अध्यक्ष झाले.

६

या वृत्तान्तातून चिटणिशीचे खरे स्वरूप स्पष्ट होते. राष्ट्रांमधील कलह मिटविणे तिच्या शक्तीबाहेरचे होते. तसा प्रयत्न तिने केलाही नाही. कलह चालू असताना टपाल, तारा, सूची आणि अहवाल यांचा क्रम खंडित होऊ न देणे, आणि रागाने गेलेल्याला परतण्याची वाट मोकळी ठेवणे, एवढेच तिने केले. ही वाट नेहमी लवकर सापडली असे नाही. तैवानच्या सभासदत्वावरून १९६० मध्ये बाहेर पडलेला चीन संघात परतला तो १९८२ मध्ये, जेव्हा एकाच राष्ट्रनामाखाली दोन संस्थांना स्थान देण्याची तोड निघाली. १९७९ पासून अध्यक्षपदी असलेले भारताचे वेणू बाप्पू त्याच वर्षी अधिवेशन चालू असताना निवर्तले; १९८५ चे अधिवेशन नवी दिल्ली येथे झाले.

१९१९ मध्ये घटनेत घातलेले एक कलम सात वर्षांनी निघाले, परंतु त्याने केलेली जखम भरण्यास एक पिढी लागली. पश्चिम जर्मनी संघात आला तो १९५०च्या दशकाच्या आरंभी. उलट १९४० मध्ये एका दप्तराने समुद्र ओलांडला, आणि संघ वाचला. संस्थांचा इतिहास लिहिणाराने ठरावांइतकेच दप्तरांकडेही पाहिले पाहिजे, ते यासाठी.