दुसऱ्या ट्रॉलीची कुळकथा

उसाच्या हंगामात तापीकाठच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर एकटा क्वचितच दिसतो. त्याच्या मागे ट्रॉली असते आणि बऱ्याचदा तिच्याही मागे दुसरी. मान वळवली तर चालकाला पहिली ट्रॉली दिसते. दुसरी मोळ्यांच्या भिंतीआड असते. वळणावर ती कुठवर आली, तिचा मागचा दिवा पेटलेला आहे का, पिन जागेवर आहे का, यातलं काहीही त्याला सीटवरून कळत नाही. रात्री मोटरसायकलवरून येणाऱ्याला मात्र सगळ्यात आधी तीच भेटते. ही न दिसणारी गाडी आपल्या रस्त्यावर आली कशी, ते पाहायला बरंच मागे जावं लागतं.

खानदेशचा कापूस आधी चाकांवर नव्हे, पाठीवर निघाला. बंजाऱ्यांचे लदेणीचे बैल तो घाट उतरवून मुंबईकडे नेत. दख्खनच्या बऱ्याच भागात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत गाडीला दगडाची अखंड, बुटकी चाकं असत आणि अशी गाडी लांबच्या पल्ल्याला निरुपयोगी. १८३०च्या दशकात पुणे-सोलापूर रस्त्याचं काम पाहणाऱ्या लेफ्टनंट गेस्फर्डने टेंभुर्णीला सुधारित गाड्यांचा कारखाना काढला. आरे घातलेल्या, लोखंडी धाव चढवलेल्या चाकांची गाडी तिथून पुढे पसरली. मुंबई-आग्रा रस्ता धुळे-शिरपूरवरून गेला, १८६०च्या दशकात रेल्वे आली, अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला भाव आला आणि जळगावच्या बाजाराकडे गाड्यांच्या रांगा लागल्या.

या रांगांची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शंभर गाड्या एकामागून एक चालल्या, तरी प्रत्येक गाडीला स्वतःची जोडी होती, स्वतःचा गाडीवान होता. उतारावर गाडी पुढे रेटू लागली की जू बैलांच्या मानेवरून पुढे सरकतं, आणि शिकलेली जोडी पाय रोवून, अंग मागे टाकून ओझं तोलून धरते. म्हणजे बैल गाडी ओढायचे तसेच ती थोपवायचेही. पुढची गाडी थांबली तर मागची आपसूक थांबे, कारण तिच्या पुढ्यात डोळे असलेली दोन जनावरं होती. गाडी सोडायची तर धुऱ्याखाली शिपाई, म्हणजे टेकूचं लाकूड, उभा केला की ती नाक न टेकवता उभी राहायची. ओढणं, थांबणं आणि उभं राहणं या तिन्ही गोष्टींची सोय गाडीत होती.

एका ओढणाऱ्यामागे अनेक गाड्या जोडायची कल्पना वाफेबरोबर आली. इंग्लंडने १८६५च्या कायद्यात रस्त्यावरच्या वाफेच्या इंजिनाबरोबर किमान तीन माणसं सक्तीची केली. त्यातला एक लाल निशाण घेऊन पुढे चालायचा. हा निशाणवाला जगभर गाजला, पण त्याच कलमातली दुसरी अट विस्मरणात गेली. इंजिनामागे दोनपेक्षा जास्त गाड्या असतील, तर त्या गाड्यांसाठी आणखी एक माणूस हवा. जोडगाडीचा धोका मागे असतो, हे त्या कायदेकर्त्यांना कळलं होतं. पुढे १८७०च्या दशकात आर. ई. बी. क्रॉम्प्टन या लष्करी अधिकाऱ्याने पंजाबात, रावळपिंडीच्या बाजूला, ग्रँड ट्रंक रस्त्यावर सरकारी ‘स्टीम ट्रेन’ चालवली. टॉमसन या अभियंत्याच्या बनावटीच्या त्या इंजिनांच्या चाकांवर भरीव रबर होतं आणि मागे गाड्यांची माळ. रुळांशिवाय धावणारी आगगाडी या देशाने तेव्हाच पाहिली. ती टिकली नाही.

मग येतं १९३६. त्या वर्षीच्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्या साध्या वस्तूंनी नगर सजवलं, आणि अध्यक्ष नेहरूंची मिरवणूक बैलांच्या सहा जोड्या जुंपलेल्या रथातून निघाली. खानदेशात बैलाचा एवढा मान त्याआधी कुठल्या राजकीय सभेने केला नसेल. त्याच वर्षी बंगालमध्ये सहागंजला डनलॉपचा टायर कारखाना सुरू झाला. बैलगाडीच्या आखाला हवेचा टायर बसला आणि आपल्याकडे तिला नावच पडलं ‘डनलॉप गाडी’. तीच जोडी आता कितीतरी जास्त ओझं नेऊ लागली. आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हॅरी फर्ग्युसनचा हायड्रोलिक लिफ्टचा ट्रॅक्टर बाजारात आला. या तिन्ही गोष्टींचा आपसात काही संबंध नव्हता, पण आजच्या ट्रॉलीच्या वंशावळीत बैल, टायर आणि ट्रॅक्टर तिन्ही आहेत.

फर्ग्युसनला एका अपघाताने पछाडलं होतं. नांगर दगडाला अडला की ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकावर उलटा पडे. मागचा आख जागेवर आणि ओढ त्याच्या वरून, तर पुढची चाकं उचलली जाणारच. त्याने तीन टोकांची जोडणी काढली ती याच कारणाने. आपल्या ट्रॉलीलाही हाच नियम लागू आहे. ओढ नेहमी आखाच्या पातळीखालून, खालच्या हुकातूनच घ्यायची. अडकलेली ट्रॉली काढायला साखळी त्या जोडणीच्या वरच्या टोकाला, टॉप लिंकच्या जागी बांधणं म्हणजे ट्रॅक्टर स्वतःच्या छातीवर ओढून घेणं. दरवर्षी चिखलात, नाल्यात हे घडतं आणि चांगले चालक जातात.

देशी ट्रॅक्टर १९५९ साली आयशरने आणला, १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून मुंबईत कारखाना काढला. खानदेशात ट्रॅक्टर वाढले, तशी गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत ट्रॉली घडू लागली. तिची ठेवण पाहिली तर ती डनलॉप गाडीच आहे. धुऱ्याच्या जागी लोखंडी दांडा आला, जुवाच्या जागी हूक आणि पिन, शिपायाच्या जागी जॅक. फक्त बैल गेले, आणि त्यांच्याबरोबर ओझं मागे रेटून धरणारं बळ गेलं. त्या जागी काही बसवायचं राहून गेलं. बहुतेक शेती-ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. सारा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर. लळिंग घाटाच्या उतारावर भरलेली ट्रॉली मागून ढकलते, चालक ब्रेक दाबतो, ट्रॅक्टर तिरका होतो आणि ट्रॉली त्याला कोपऱ्यात मुडपते. म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकायचा, न्यूट्रल तर कधीच नाही, आणि शेतात सुटे वापरलेले डावे-उजवे ब्रेक पेडल रस्त्यावर येण्याआधी पट्टीने एकत्र जोडायचे. एकच पेडल दाबलं गेलं तर वेगात ट्रॅक्टर जागीच फिरतो.

दुसरी ट्रॉली आली ती साखर कारखान्याच्या फेऱ्यांमुळे. सपाटीवर ट्रॅक्टरची ओढ एका ट्रॉलीला पुरून उरते. डिझेल तेच, चालक तोच, ऊस टाकायच्या गव्हाणीपुढची रांगही तीच, मग एका फेरीत दुप्पट ऊस का नेऊ नये? हिशेब खोटा नाही. पण दुचाकी ट्रॉलीमागे दुसरी दुचाकी ट्रॉली लावली की तिचं नाक पहिलीच्या शेपटीवर वजन टाकतं. पहिलीचा आख टेकू होतो, तिचं पुढचं टोक वर जाऊ पाहतं, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा दाब घटतो आणि ओढही घटते, थांबवण्याची ताकदही. म्हणून जड भार पहिल्या ट्रॉलीत आणि तोही आखाच्या थोडा पुढे, मागच्या ट्रॉलीत हलका. चारचाकी ट्रॉलीत हे नाक टाकणं टळतं, पण वळणावर प्रत्येक मागची ट्रॉली पुढचीपेक्षा जास्त आत कापते. चौकातल्या कडेच्या माणसाला दुसरीच घासते. अमेरिकेत हौशी लोक कॅम्परमागे आणखी होडी लावून तळ्याकाठी जातात. तिथे काही राज्यं याला परवानगी देतात, काही साफ नाकारतात, आणि कारण हेच, दुसऱ्या सांध्यापलीकडे चालकाचा हात पोचत नाही.

आपला कायदा या बाबतीत वाटतो त्यापेक्षा स्पष्ट आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर धरलेला आहे. इंजिन नसलं तरी ट्रॉली कायद्याच्या लेखी मोटार वाहन आहे, म्हणून तिची वेगळी नोंदणी लागते. कलम ६१ पुढे सांगतं की एकाहून अधिक ट्रेलर असतील तर ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक शेवटच्या ट्रेलरवर असला पाहिजे. ट्रॅक्टरवर एमएच १९ किंवा एमएच १८ कितीही ठळक रंगवलेलं असो, मागून धडकणाऱ्याला किंवा पाहणाऱ्याला दिसतो तो शेवटच्या ट्रॉलीचा कोरा पत्रा. केंद्रीय नियमांत ट्रॅक्टर-ट्रेलरच्या लांबीलाही मर्यादा आहे. दोन ट्रॉल्या जोडणाऱ्याने ती टेप लावून पाहावी. नोंदलेल्या वजनाहून जास्त भरलं, तर २०१९च्या दुरुस्तीनंतर दंड २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार.

चालकाच्या परवान्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली नागशेट्टी खटल्यात सोडवला. ट्रॅक्टरचा परवाना असलेला माणूस ट्रॉली जोडली म्हणून बिनपरवान्याचा ठरत नाही. विम्याचा प्रश्न इतका सोपा नाही. २००४च्या चिन्नम्मा खटल्यात ट्रॉलीत भाजीपाला घेऊन भाजीविक्रेता निघाला होता, तो दगावला. ती वाहतूक त्याच्या धंद्याची होती, शेतीच्या कामाची नव्हे, असं ठरलं आणि विमा कंपनी सुटली. खानदेशात एकच ट्रॉली सकाळी केळी वाहते, दुपारी वाळू आणि संध्याकाळी वऱ्हाड. आपण शेतीच्या नावाने घेतलेला विमा त्यातल्या कुठल्या फेरीला लागू आहे, हे ट्रॉलीमालकाने आजच एजंटकडून लेखी घ्यावं. आणि वऱ्हाड तर ट्रॉलीत बसवूच नये, माल वाहणाऱ्या गाडीत माणसांना थोपवून धरणारं काहीच नसतं.

गाडीवान परत आणता येणार नाही, १८६५च्या कायद्यातला मागचा माणूसही नाही. पण साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक ट्रॉली थांबतेच, दिवसा आणि रात्रीही. तिथे उसाचं वजन किलोपर्यंत टिपलं जातं. त्याच जागी मागचा लाल दिवा, रिफ्लेक्टर, शेवटच्या ट्रॉलीवरचा क्रमांक, पिनेला लावलेली खिट्टी आणि सांध्याला समांतर बांधलेली साखळी पाहायला दोन मिनिटं लागतील. पिन तुटली तर ही साखळीच ट्रॉलीला रस्त्यावर मोकळी सुटू देत नाही. ज्या ट्रॉलीत यातलं काही कमी असेल, तिची काट्याची पावती कारखान्याने दुरुस्ती होईपर्यंत देऊ नये. हंगाम चार-पाच महिन्यांचा आणि रस्ते ठरलेले, त्यामुळे हे काम कारखान्याच्या आवाक्यातलं आहे.